नाचणीच्या दोन वाफ्यांत एवढा फरक कशामुळे? (मुळं, बुरशी आणि दुकानातलं पाकीट)

रोहिणी_सत्तरी | १४ ऑगस्ट, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. शेतीतल्या जाणकारांना एक विचारायचं आहे.

वाळपईपासून थोडं आत आमची मोरडावरची जमीन आहे. (गोव्याबाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, खेर म्हणजे सखल वाळूमिश्रित शेत, आणि मोरड म्हणजे वरची, पाणी न थांबणारी लाल माती.) तिथे पावसात नाचणी घेतो आणि पाऊस सरला की विहिरीच्या पाण्यावर भाजी. गेल्या हिवाळ्यात अर्ध्या तुकड्यात अळसांदे (चवळी) होते, अर्ध्यात मुळा आणि तांबडी भाजी. मध्ये फक्त वीतभर पाट. जुलैत दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच तरव्यातली नाचणी लावली. शेणखत एकाच ढिगातलं, टोपल्या मोजून टाकलेलं.

आता महिना झाला आणि पाटाच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळी पिकं उभी असल्यासारखं दिसतंय. अळसांद्यांच्या बाजूची नाचणी गुडघ्याला लागली, फुटवे चार-पाच. मुळ्याच्या बाजूची अजून वीतभरच. पिवळी नाही, उलट जरा जास्तच गडद हिरवी आहे, आणि खालच्या पानांच्या कडा नि बुंधा जांभळट.

सासूबाई म्हणाल्या, "मुळ्याच्या जागेत नाचणी उशिरा धरते." का, ते त्यांना सांगता येत नाही, पण त्यांच्या सासूबाईही हेच म्हणायच्या. दुकानात विचारलं तर 'मुळांची बुरशी' म्हणून एक पाकीट पुढे आलं, बऱ्यापैकी महाग. बुरशी लागली की पीक जातं एवढंच आजवर ठाऊक होतं. ती पैसे देऊन लावायची? घ्यावं का पाकीट?

कुळागर | १४ ऑगस्ट, रात्री ९:४१

ताई, अळसांदे कडधान्य आहे. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, ते मातीत राहिलं, नाचणीला मिळालं. मुळ्याच्या बाजूला थोडा युरिया द्या, पंधरा दिवसांत दोन्ही सारखी होतील. पाकिटाचे पैसे चवथीच्या माटोळीला वापरा.

पेडण्याचा_पाऊस | १४ ऑगस्ट, रात्री १०:०५

कुळागरला +१. सासूबाईंनाही +१. माझी आजी नाचणीच्या आधी मुळा लावूच द्यायची नाही.

मृदाकण | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

कुळागरभाऊ, थोडं थांबा. नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी फिकी पडतात, मग पिवळी. रोहिणीताई स्पष्ट लिहितात की पान गडद आहे आणि बुंधा जांभळट. तृणधान्यात ही स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याची खूण. नत्राचा वाटा थोडाफार असेलही, पण मुख्य तक्रार ती दिसत नाही. युरिया देऊ नका एवढ्यात.

स्फुरदाची अडचण अशी की तो मातीत असतो पण हलत नाही. नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर मुळापर्यंत चालत येतं. स्फुरदाला आपल्या आम्ल लाल मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट पकडून ठेवतं. मूळ आपल्या अंगाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलतं, आणि तेवढा संपला की शेजारी साठा असूनही उपाशी राहतं. पलीकडचा तिथवर सरकायला फार वेळ लागतो.

म्हणून पिकाला तीन गोष्टी करता येतात. एक, सतत नवीन बारीक मुळं फोडत राहायची. दोन, मुळांवरचे केस लांब नि दाट करायचे. तीन, बुरशीशी संधान बांधायचं. तुमच्या दुकानदाराने दाखवलेली बुरशी बहुधा हीच, 'व्हॅम' नावाने विकतात. आजकाल शास्त्रज्ञ आर्बस्क्युलर मायकोरायझा म्हणतात. ती मूळ कुजवत नाही. मुळाच्या आत राहते आणि तिचे तंतू मातीत कित्येक सेंटिमीटर दूर जातात, जिथे मुळाचे केस कधी पोचत नाहीत. तंतू इतका बारीक असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी जाडीचा, की मातीच्या ज्या फटीत मुळाचं टोक शिरत नाही तिथे तो शिरतो.

आता मुळ्याचं. मोहरी, कोबी, मुळा या कुळात ही बुरशी राहतच नाही. माठाच्या, म्हणजे तुमच्या तांबड्या भाजीच्या कुळातही बहुतेक नाहीच. अळसांद्यांत मात्र ती भरपूर वाढते. म्हणजे एका बाजूला चार महिने तिची पंगत चालली, दुसऱ्या बाजूला चार महिने उपास. सासूबाईंचं म्हणणं मला तरी एकदम पटलं.

पेडण्याचा_पाऊस | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मृदाकण सर, म्हणजे मूळ ही कदंबची बस आणि बुरशी हा पोदेर (पाववाला). बस हमरस्त्यावर थांबते, पोदेर सायकल घेऊन पाणंदीतून दारात येतो. बरोबर?

मृदाकण | १५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

अगदी बरोबर, वर्गात शिकवायचो तेव्हा हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं! फक्त पोदेराला पावाचे पैसे द्यावे लागतात, ते विसरू नका. झाड पानांत जी साखर बनवतं तिच्यातला ४ ते २० टक्के भाग या बुरशीकडे जातो असं मोजलं गेलं आहे. शिवाय तिला स्वतः स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, तीही झाडाकडूनच घेते. हे २०१७ साली सिद्ध झालं.

सुलभा_डिचोली | १५ ऑगस्ट, सकाळी १०:३०

बुरशी म्हणजे अळमीच्या जातीची का? आमच्याकडे रोयणीवर (वारुळावर) उगवतात ती? या वर्षी भाव ऐकून हातच लावला नाही.

रानवारा | १५ ऑगस्ट, सकाळी १०:५२

सुलभाताई, अळमी वेगळी. ती वाळवीची बुरशी. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळा चघळून त्यावर ती वाढवते, आणि पाऊस लागला की तिची छत्री वर येते. रोयण मोडली की अळमी संपली. आपल्याकडे सातेरीची पूजा रोयणीच्या रूपात होते, म्हणून कितीतरी रोयणी वाचल्या. लोकांनी अळमी काढताना रोयण खणू नये ही माझी कळकळीची विनंती, विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो.

मृदाकण सरांची बुरशी कधीच छत्री काढत नाही. जन्मभर जमिनीखाली.

ज्ञानदा | १५ ऑगस्ट, दुपारी १:१०

छत्रीवरून आठवलं. मायकोरायझा हा शब्द १८८५ मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिला, आणि तो मुळात ट्रफल नावाच्या महागड्या भूमिगत अळमीचा अभ्यास करत होता! प्रशियात तिची लागवड करता येईल का, हे शोधायचं काम त्याच्याकडे दिलेलं होतं. लागवड राहिली बाजूला, पण झाडाच्या मुळांवर बुरशीचं आवरण दिसलं आणि ती झाडाला पोसते असं त्याने मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांनी मानलं नाही. (जंगली झाडांवरची ती बुरशी आणि धान्यातली ही, यांत फरक आहे. धान्यातली मुळाच्या पेशीत शिरते.)

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म आहेत, त्यांच्या पेशींत ही बुरशी आहे. त्या झाडांना अजून धड मुळंसुद्धा नव्हती. मुळं यायच्या आधी बुरशी आली! पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी मला रात्री झोप आली नव्हती.

कुळागर | १५ ऑगस्ट, दुपारी २:००

मान्य. युरियाचा सल्ला मागे घेतो. पण एक शंका: पिकाला स्फुरद कमी पडतोय हे बुरशीला कळतं कसं? ती आंधळी, मूळ मुकं.

ज्ञानदा | १५ ऑगस्ट, दुपारी २:३५

कुळागरकाका, फार सुंदर प्रश्न आहे. स्फुरद कमी पडला की मूळ मातीत एक रसायन सोडतं, स्ट्रायगोलॅक्टोन. ते लागलं की जवळपासची बुरशी फांद्या फोडून मुळाकडे वळते. हे २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. गंमत म्हणजे हे रसायन त्याआधीच माहीत होतं, आणि वाईट कामासाठी: ज्वारीवरचं परजीवी तण टारफुला, शास्त्रीय नाव स्ट्रायगा, त्याचं बी याच वासावर उगवतं. बुरशीला दिलेली हाक चोर ऐकतो.

उलट डीएपी (स्फुरदाचं खत) भरपूर टाकला की हाक बंद होते. पोट भरलेलं असताना झाड पोदेराला कशाला थांबवेल?

भीमाकाठ | १५ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी मूळचा सोलापूरकडचा, सध्या फोंड्याला नोकरीला. टारफुल्याचं नाव वाचलं आणि वडील डोळ्यांसमोर आले. हलक्या रानात ज्वारीच्या बुडाशी ती फुलं दिसली की ते तिथेच मटकन बसायचे. उपटून काही होत नाही, तोवर खाली मूळ चोखून झालेलं असतं. आणि ते नेहमी म्हणायचे, "भुकेल्या रानात टारफुला जास्त." आज ज्ञानदाताईंचं वाचून कळलं, भुकेलं रान मोठ्याने हाका मारत होतं म्हणून. धन्यवाद ताई. हे वडिलांना सांगायला हवं होतं.

खाजनवाला | १६ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी चोडणचा. आमचं भात खाजनात, कोरगुट (खारं सोसणारा जुना वाण). पावसाने मीठ धुऊन निघालं की मोड आलेलं बी टाकतो. खत जवळजवळ नाहीच. पाण्यात उभ्या भाताला ही बुरशी मिळते का? की खाजनातल्या भाताचं काम दुसऱ्याच रीतीने चालतं?

एक निरीक्षण लिहितो. चांगलं भात उपटून धुतलं तर मुळं नारिंगी दिसतात, गंजासारखी, आणि टोकं पांढरी. मानशीचं (बांधातल्या दाराचं) पाणी नीट न फिरलेल्या कोपऱ्यात मुळं काळी, कुजलेल्या अंड्यासारखा वास. काळी मुळं दिसली की त्या कोपऱ्यात लोंबी भरत नाही, हे ठरलेलं.

मृदाकण | १६ ऑगस्ट, सकाळी ९:२०

खाजनवाले, हे फार मोलाचं निरीक्षण आहे, सगळ्यांनी वाचावं. भाताच्या मुळात आतून हवेच्या नळ्या असतात. पानातली हवा त्यांतून खाली जाते, थोडी बाहेर झिरपते आणि पाण्यात विरघळलेलं लोह तिथेच गंजून मुळावर बसतं. नारिंगी रंग म्हणजे मूळ श्वास घेतंय याची खूण. काळा रंग आणि वास म्हणजे हवा संपली, गंधकाचा विषारी वायू जिंकला.

आणि पाणी भरलं की लोहाने पकडलेला स्फुरद काही प्रमाणात सुटतो. त्यामुळे पाण्यातल्या भाताला स्फुरद मोरडावरच्या पिकापेक्षा सोपा जातो. बुरशी तिथे कमी आढळते, पण नाहीशी होत नाही. शेत आलटून पालटून सुकवलं तर वाढते. पाण्याखाली जस्त मात्र अवघड होतं. भातावरचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे १९६६ मध्ये पंतनगरला ओळखलं गेलं.

रोहिणी_सत्तरी | १६ ऑगस्ट, रात्री ८:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एक पाकीट विचारलं आणि तुम्ही चाळीस कोटी वर्षं दाखवलीत.

आज दोन्ही बाजूंची दोन-दोन रोपं मातीसकट खणून काढली. अळसांद्यांच्या बाजूची मुळं झटकली तर माती सुटेना. प्रत्येक मुळावर बाहीसारखी मातीची नळी, बोटांनी चोळली तेव्हा कुठे पांढरं मूळ दिसलं. मुळ्याच्या बाजूच्या रोपांनाही अशी बाही आहे, पण मुळंच कमी, आणि लांब जाण्याऐवजी वरवर पसरलेली. ही बाही म्हणजेच बुरशी का?

ज्ञानदा | १६ ऑगस्ट, रात्री ८:४५

रोहिणीताई, बाही मुख्यतः मुळांच्या केसांची आणि मुळाने सोडलेल्या चिकट रसाची. तृणधान्यांत ती छान दिसते. बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, रंगवावी लागते. आणि वरवर पसरणं ही चूक समजू नका. स्फुरद वरच्या थरात जास्त असतो, म्हणून मुळं तिथे पसरली की तो मिळतो. नत्र नि पाणी खाली झिरपतं, त्यासाठी मुळं सरळ खोल गेलेली बरी. अमेरिकेत जोनाथन लिंच यांनी मक्याच्या आदर्श मुळाचं वर्णन 'तिरकं नको, खोल जावं आणि स्वस्तात जावं' अशा अर्थी केलं, ते पाण्या-नत्रासाठी. एकच मूळ दोन्ही कामांत अव्वल असू शकत नाही.

भातात तर दोन्हींचे जनुक सापडलेत. कासालथ या जुन्या वाणात पीएसटीओएल१ नावाचा जनुक आहे, त्याने कोवळ्या रोपाची मुळं झपाट्याने वाढतात आणि स्फुरद जास्त उचलला जातो. हे २०१२ चं संशोधन. आणि फिलिपिन्सच्या एका डोंगराळ वाणातला डीआरओ१, त्याने मुळं खोल जातात, ते २०१३ चं. आयआर६४ सारख्या सुधारित वाणात हे गुण नव्हते. दोन्ही जुन्या, गरीब जमिनीत तगलेल्या वाणांतून मिळाले.

रानवारा | १६ ऑगस्ट, रात्री ९:३०

याच्यासाठी मी वीस वर्षं ओरडतोय. आसगो, मुणो, दामगो, पाटणी, शिड्डे, नावं तरी किती जणांना आठवतात? कुमेरीतली (डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीतली) नाचणी तर नाव न लावताच गेली. वाण गेला की त्याचं मूळही गेलं, आणि मूळ आम्ही कधी उपटून पाहिलंच नव्हतं. सगळे लोंब्या मोजत बसले.

कुळागर | १६ ऑगस्ट, रात्री ९:४८

रानवारा, तळमळ कळते. पण ज्योती आणि जया हे सुधारित वाण आले म्हणून आमच्या घरात वर्षभर घरचं उकडं पुरलं, तेही खरं आहे. पूर्वी आषाढात कोठी रिकामी व्हायची.

रानवारा | १६ ऑगस्ट, रात्री १०:१०

ते नाकारत नाही, कुळागर. घरी आम्हीही ज्योतीच लावतो. जुन्याचं दोन पायल्या बी तरी दर वर्षी कुणीतरी लावत राहावं, एवढीच मागणी.

मृदाकण | १७ ऑगस्ट, सकाळी ७:००

आता पाकिटाविषयी. माझं मत ऐका, पटलं नाही तर भांडा.

बुरशी उपयोगी आहे याबद्दल शंका नाही. पण ती विकत आणून टाकल्याने फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न. २०१८ मध्ये मेगन रायन आणि जेम्स ग्रॅहम यांनी लिहिलं की शेतकऱ्याने या बुरशीचा विचार करून पीकपद्धती बदलावी असा पुरावा फारसा नाही. पुढच्याच वर्षी मथियास रिलिग आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की उत्पन्नाच्या आकड्यापलीकडे मातीची घडण, अन्नद्रव्यं वाहून न जाणं, हेही मोजा. हा वाद खरा आहे, दोन्हीकडे अभ्यासू माणसं आहेत.

तृणधान्यांच्या बाबतीत आणखी एक. कांद्याची मुळं जाड, केस जवळजवळ नाहीत, त्याला बुरशीवाचून चालत नाही. भात-गव्हाची मुळं बारीक, केसाळ. ती स्वतःही बरंच करतात. म्हणून धान्यात फायदा कधी दिसतो, कधी नाही. भातावर एक प्रयोग झाला होता, त्यात साधारण ७० टक्के स्फुरद बुरशीच्या वाटेने आला, तरी रोप मोठं झालं नाही. मुळाने आपली वाट बंद करून पोदेरावर सोपवली, एवढंच.

आणि ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. बाटलीत, साखरपाण्यात तिची पैदास होत नाही. कुठल्यातरी झाडाच्या मुळांवरच वाढवावी लागते. मग पाकिटात नक्की काय आणि किती जिवंत आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी) या वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचीही सरमिसळ करून विकतात.

सुलभा_डिचोली | १७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मृदाकण सर, पाकिटाबाबत माझा अनुभव सांगते. आमचं खेरातलं शेत वरून वाहून आलेल्या खाणीच्या लाल गाळाखाली गेलं होतं. तो गाळ सुकला की कवल्यासारखा तडकतो, ओला असला की लोण्यासारखा. त्यात भात धरेना. तीन वर्षं मी दुकानातून असली पाकिटं आणली. दर वेळी काहीतरी नवं नाव, दर वेळी तोच भरवसा. काहीच झालं नाही. तिसऱ्या वर्षी पाकीट फोडलं तर आत नुसती राखाडी भुकटी, तारीख उलटून गेलेली.

शेवटी गाळ काढता येईल तेवढा काढला, गिरीपुष्पाचा पाला आणि शेणखत घातलं, आणि दोन हिवाळे अळसांदे पेरले. दुसऱ्या वर्षी अळसांद्यांच्या मुळाशी माती भुसभुशीत लागली तेव्हा मी बांधावर बसून रडले. आता भात होतं. पूर्वीइतकं नाही, पण होतं.

पेडण्याचा_पाऊस | १७ ऑगस्ट, सकाळी १०:३२

सुलभाताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

खाजनवाला | १७ ऑगस्ट, सकाळी ११:०५

सुलभाताई, पुढच्या वेळी मोड आलेलं बी हवं असेल तर हक्काने सांगा.

ज्ञानदा | १७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताई, पाकीट न घेता घरी करता येतं. स्वच्छ रेती आणि माती कुंडीत भरायची, चांगल्या पिकाच्या मुळाखालची मूठभर माती त्यात घालायची, वर मका किंवा नाचणी पेरायची. अडीच-तीन महिन्यांनी पाणी तोडून झाड वाळू द्यायचं, वरचा भाग कापायचा आणि मुळांसकट ती माती वापरायची. फक्त माती घेतली ती जागा रोगट नको.

रोहिणीताई, तुमच्याकडची मुळं मला पाठवाल का? मी रंगवून बघते. मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (खतातला पोटॅश नव्हे) द्रावणात तापवून पारदर्शक करायची (हे घरी करू नका, कातडी भाजते), धुवायची, मग व्हिनेगरमध्ये थोडी फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळायची. मूळ फिकं राहतं, बुरशी निळी दिसते. १९९८ मध्ये ही साधी पद्धत आली, त्याआधी विषारी रंग वापरावे लागायचे.

पेडण्याचा_पाऊस | १७ ऑगस्ट, दुपारी १:०२

माडाच्या सुरेचं घरचं व्हिनेगर चालेल का? विंदालूतून उरलेलं आहे.

ज्ञानदा | १७ ऑगस्ट, दुपारी १:२०

आंबटपणा पुरेल, पण त्याचा रंग आडवा येईल. पांढरं घेते. घरचं विंदालूसाठीच राहू दे!

रोहिणी_सत्तरी | १७ ऑगस्ट, दुपारी ३:००

उद्या भाचा पणजीला जाणार आहे, त्याच्याकडे ओल्या फडक्यात गुंडाळून देते. दोन पुड्या, 'अ' आणि 'ब'. कोणती कुठली ते मी सांगणार नाही.

मृदाकण | १७ ऑगस्ट, दुपारी ३:३०

वा रोहिणीताई! हीच खरी पद्धत.

ज्ञानदा | २४ ऑगस्ट, रात्री १०:३०

झालं. तीन संध्याकाळ लागल्या. पहिल्या दिवशी मुळं जास्त शिजली, लगदा झाला, म्हणून दुसरा घाणा केला.

'अ' पुडीतल्या मुळांच्या दहा तुकड्यांत सहा-सात निळे. आत लांब सरळ तंतू, मधूनमधून तेलाच्या थेंबासारखे अंडाकृती फुगवटे, आणि एका तुकड्यात पेशी न् पेशी भरून ती झुडपं, ज्यांना आर्बस्क्यूल म्हणतात. स्फुरद आणि साखरेची देवघेव होते ती जागा हीच. झुडुप म्हणजे अगदी पावसातलं भेरली माडाच्या शेंड्याखालचं जाळं, शेवटची फांदी इतकी बारीक की भिंग हलवलं तर हरवते. ती काही दिवसच जगतात, मग पेशी ती जिरवून टाकते आणि नवीन येतात.

'ब' मध्ये दहात एखाद-दुसरा निळा. तोही कडेकडेने, नुकता शिरल्यासारखा.

'अ' अळसांद्यांची बाजू. बरोबर?

रोहिणी_सत्तरी | २४ ऑगस्ट, रात्री १०:४५

बरोबर. अंगावर काटा आला. सासूबाईंना फोनवर तुझे फोटो दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आत असतं होय."

कुळागर | २५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ज्ञानदा, शाबास पोरी.

मृदाकण | २५ ऑगस्ट, सकाळी ८:००

मनापासून अभिनंदन. तरी एक सांगणं माझं कर्तव्य आहे. हे एक शेत, एक वर्ष. मध्ये पाट आहे म्हणजे एका बाजूचा निचरा वेगळा असू शकतो. अळसांद्यांचं नत्रही आहेच, कुळागरभाऊ पूर्ण चुकले नव्हते. आणि मुळ्याने स्वतः स्फुरद उचलून बाजारात नेला, पाल्यासकट! अळसांद्यांचा वेल रोहिणीताईंनी तिथेच गाडला असेल.

म्हणून दोन्ही बाजूंची माती तपासा. आम्ल मातीला स्फुरदाची ब्रे पद्धत लावायला सांगा, ऑल्सेन पद्धत चुनखडीच्या मातीसाठी. आणि पुढच्या वर्षी बाजू बदलून बघा. स्फुरद फारच कमी निघाला तर आपल्या मातीत डीएपीपेक्षा रॉक फॉस्फेट बघा, आम्ल माती त्याला हळूहळू विरघळवते आणि बुरशीही दबत नाही.

रोहिणी_सत्तरी | २५ ऑगस्ट, दुपारी १:१५

सर, वेल गाडला होता. आणि मुळा पाल्यासकट विकला. तुम्ही शेतावर उभं राहून बघितल्यासारखं लिहिलंत. माती देते तपासायला. बाजू नक्की बदलते.

भीमाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

रात्री उशिरा वाचत होतो. मेक्सिकोत ओआहाका भागात एक गावठी मका आहे, १५-१६ फूट उंच. त्याच्या खोडावर हवेतच मुळं सुटतात आणि त्यांतून मधासारखा चीक गळतो. त्या चिकात जिवाणू हवेतलं नत्र धरतात. २०१८ मध्ये मोजलं तेव्हा त्या मक्याचं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आलेलं निघालं. तिथल्या शेतकऱ्यांनी तो शेकडो वर्षं जपला. रानवारा, तुमच्यासाठी टाकतोय.

रानवारा | १० सप्टेंबर, सकाळी ६:१०

वाचलं. दोनदा वाचलं. आभारी आहे, भीमाकाठ.

रोहिणी_सत्तरी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मंडळी, नाचणी काढली. मधले दोन महिने धागा थंड होता, पण शेत थंड नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून मुळ्याची बाजू हलायला लागली. जांभळटपणा नवीन पानांवर आलाच नाही. गणपती गेले तोवर कमरेपर्यंत वाढ, उशिरा का होईना फुटवे आले. ज्ञानदाला ऑक्टोबरात पुन्हा मुळं पाठवली, तेव्हा त्या बाजूलाही निम्म्याहून जास्त निळं दिसलं. माझ्या अंदाजाने बुरशी मेली नव्हती, थोडी शिल्लक होती ती नाचणीनेच वाढवली. पण उशीर तो उशीरच. तिथली कणसं आखूड, आणि शेवटची दहा-बारा दिवस मागे राहिली. ती भरायच्या आत पाऊस गेला. अळसांद्यांच्या बाजूला साडेतीन पायल्या, मुळ्याच्या बाजूला अडीचला थोडी कमी.

मातीचा अहवाल आला. स्फुरद दोन्हीकडे कमी, मुळ्याच्या बाजूला थोडा जास्तच कमी. म्हणजे मृदाकण सरांची शंका अर्धी खरी.

पाकीट घेतलं नाही. आज मुळ्याचं बी घेऊन उभी होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मुळा हवा तर माडाच्या आळ्याकडे लाव, नाचणीच्या वाटेत नको." तसंच करते. मोरडावर या हिवाळ्यात बाजू बदलून अळसांदे, आणि उरलेल्या जागेत मिरची. मिरचीत राहते ना ग ज्ञानदा ती?

ज्ञानदा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५५

राहते ताई, छान राहते! आणि लव्हाळा मात्र उपटत राहा, त्याच्या कुळातही ती फारशी नसते, जागा अडवून बसेल. पुढच्या ऑगस्टमध्ये परत पुड्या पाठवा, 'अ' आणि 'ब', न सांगता.

सुलभा_डिचोली | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

रोहिणीताई, तुमच्या अळसांद्यांचं बी थोडं मिळेल का? आमचं घरचं या वर्षी भुंग्याने खाल्लं.

रोहिणी_सत्तरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२८

मिळेल की. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येणार आहे, सकाळी नऊपर्यंत. पाव पायली बांधून ठेवते, राख लावून.